टेबलावरचे पानिपत

दिवाळीत किल्ला करायचा तो अंगणात, चिखलमातीचा, अळीव पेरून हिरवा केलेला, अशी आमची आपली समजूत. यंदा सुटीला आलेल्या भाच्याने आमच्या जेवणाच्या टेबलावरच हिरवे कापड पसरले, खाली पुस्तके सरकवून टेकड्या उभ्या केल्या (त्यांत माझे दोन शब्दकोश गेले, हे मागाहून समजले) आणि खोक्यातून बोटभर उंचीची रंगवलेली चित्रे काढली. मावळे नव्हेत. दाढीवाले बुटके, हिरव्या कातडीचे राक्षस, कमरेखाली घोडा नि वर माणूस असे अश्वमानव, आणि चक्क हाडांचे सांगाडे!

"मामा, खेळणार?" त्याने विचारले. मराठीच्या प्राध्यापकाला लढाईतले काय कळणार, हा त्यामागचा भाव मला झोंबला. मी खुर्ची पुढे ओढली.

खेळ पोरकट म्हणावा, तर त्याची वंशावळ मोठी. राइसविट्झ नावाच्या प्रशियन अधिकाऱ्याचे १८२४ सालचे नियम सैन्याच्या शिक्षणासाठी वापरले जात. नकाशा, ठोकळे आणि फासे एवढाच सरंजाम. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' लिहून तीच लढाई घरातल्या जमिनीवर आणली. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत गायगॅक्स आणि पेरेन या जोडीने मध्ययुगीन लढायांचे नियम छापले आणि शेवटी जादूगार व उडत्या अजगरांचे एक प्रकरण जोडून दिले. राक्षसमंडळी या रणांगणावर आली ती अशी.

पहिल्या संध्याकाळी भाच्याचे अश्वमानव दौडत आले. मी वॉटर्लू आठवून माझ्या भालाईत बुटक्यांचा चौकोन बांधला. १८१५ साली फ्रेंच घोडदळाने इंग्रजी चौकोनांवर पुन:पुन्हा धाव घेतली. चौकोन फुटले नाहीत. याचे श्रेय जेवढे संगिनींना तेवढेच घोड्याच्या शहाणपणाला. स्वाराला निशाण असते, अब्रू असते, इनामाची आशा असते. घोड्याला यांतले काहीच नसते. पात्यांच्या कुंपणावर तो छाती घालत नाही, बाजूला वळतो. चौकोन उभा असतो तो या वळण्याच्या भरवशावर.

पण अश्वमानवाचे काय? भाचा म्हणाला, "तो थांबणार नाही. लगाम खेचणारा आणि धावणारा एकच." मी म्हटले, उलट तोच आधी थांबेल, पोट घोड्याचे आहे आणि ते फाटणार हे कळण्याइतकी अक्कल माणसाची आहे! चहा निवला तरी वाद मिटेना. अखेर, चढाईपूर्वी धैर्यासाठी फासा टाकायचा, असा घरगुती नियम आम्ही केला. चौकोनाचा आकार इतिहासातून उचलता येतो, पण त्याचा भरवसा ज्या घोड्यावर, तो घोडाच राहिला नाही तर कसे, हे कोडे मला त्या रात्री झोपेतही सुटेना.

दुसऱ्या दिवशी हुलकावणी. १०६६ साली हेस्टिंग्जच्या टेकडीवर ढालीला ढाल भिडवून उभ्या असलेल्या इंग्रजांपुढून नॉर्मन स्वार पळाल्यासारखे करून मागे फिरले. काहीजण ओळ सोडून पाठलागाला धावले आणि खाली कापले गेले. आपल्या गनिमी काव्याची ही लांबची मावसबहीणच. राक्षसांवर ती झकास चालली, कारण राक्षस संतापी. सांगाड्यांवर मात्र मुळीच नाही. त्यांना ना राग, ना लुटीचा लोभ. मी पळालो आणि ते आपल्या चालीने टकटक करीत येत राहिले. ज्याला मोहच नाही त्याला चकवणार कसे?

तिसऱ्या दिवशी मी पानिपत मांडले. आमच्या वर्गात दरसाल बखर शिकवताना १४ जानेवारी १७६१ हा दिवस येतो. इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण आणि तोफा, त्यांच्या आधाराने गोल बांधून चालायचे, असा बेत. आणि शेजारी विंचूरकर-गायकवाडांचे घोडदळ. हे स्वार गोल सोडून पुढे धावले आणि गारद्यांच्या तोफांपुढे आडवे आले, असे सांगतात. एवढा मजकूर सांगून मी वीस वर्षे खडूने फळ्यावर बाण काढत आलो आहे आणि 'अधीरपणा' हा शब्द अधोरेखित करीत आलो आहे.

टेबलावर बंदूकवाले बुटके माझे गारदी झाले. बाजूला हलके स्वार. वेगात पहिले, चिलखतात शेवटचे. ठरवले होते की काही झाले तरी ते हलणार नाहीत. भाच्याने तिरंदाज पुढे आणले. पहिल्या डावात माझे दोन स्वार गेले, दुसऱ्यात तीन. बंदुकांचा पल्ला अजून पोचत नव्हता. ज्यांचा सारा जन्म झडप घालून पसार होण्यात गेला, त्यांना मी भिंतीसारखे उभे केले होते आणि ते उभ्या उभ्या मरत होते. तिसऱ्या डावात आणखी दोन. समोर तर तिरंदाजांची नुसती विरळ ओळ! एका दौडीचे काम.

मी घोडे घातले.

तिरंदाज मागे सरले, पाठीमागून राक्षस निघाले आणि माझे स्वार तिथेच अडकले. "बरे, आता बंदुका," मी म्हटले आणि फासे उचलले.

"बंदुका उडवता येणार नाहीत, मामा," भाचा हळूच म्हणाला. "मध्ये तुमचेच घोडे आहेत."

फासे माझ्या हातातच राहिले. प्लॅस्टिकचे सात स्वार गेले तेव्हा मला धीर धरवला नव्हता. आणि तोही भरपेट फराळ करून, पंख्याखाली बसून. तिथे, उपाशी फौजेत, रोहिल्यांच्या समोर जे उभे होते त्यांच्याविषयी मी वीस वर्षे कोणत्या अधिकाराने बोलत होतो?

"परत मांडू?" भाच्याने विचारले.

"मांड. पण या खेपेला स्वारांना मोकळे सोड," मी म्हटले. "आणि तो टेकडीखालचा शब्दकोश जरा दे इकडे."

सुटीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात बखरीचा तो भाग आहे. टिपणवहीतला 'अधीरपणा' मी खोडला आहे. त्या जागी काय लिहावे, ते अजून सापडलेले नाही.