तळोद्याच्या गढीला पैसा कोण देणार? जुन्या वाड्यांसाठी अनुदान मिळतं का?

अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दी वर्षात, ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक थेट चौंडीत झाली. त्यांच्या या जन्मगावातल्या स्मृतिस्थळासाठी ६८१ कोटी रुपयांचा आराखडा तिथे मंजूर झाला.

होळकरांच्या इतिहासातलं आणखी एक गाव नंदुरबार जिल्ह्यात आहे. तळोदा. मल्हाररावांचं बालपण इथेच मामा भोजराज बारगळ यांच्याकडे गेलं. मामांची मुलगी गौतमाबाई पुढे त्यांची पत्नी झाली, म्हणजे अहिल्यादेवींची सासू. बारगळ जहागीरदारांची गढी तळोद्यात आहे. खानदेशात अशा गढ्या आणि वाडे गावोगावी सापडतात. पण आपला वाडा पावसाळ्यात गळतोय, सागवानी तुळयांना वाळवी लागलीय, म्हणून वारसांनी सरकारकडे पैसे मागितले तर?

थोडक्यात उत्तर: राहत्या खासगी घराला केवळ ते जुनं आहे म्हणून थेट अनुदान देणारी सर्वसाधारण योजना महाराष्ट्रात नाही. पैसा घराच्या वयावर मिळत नाही, त्याच्या कागदोपत्री दर्जावर मिळतो.

पहिला दर्जा म्हणजे 'राज्य संरक्षित स्मारक'. १९६० च्या राज्य कायद्यानुसार सरकार आधी प्राथमिक अधिसूचना काढतं, हरकती मागवतं आणि मग अंतिम निर्णय घेतं. मालकी खासगी राहू शकते. सरकार मालकाशी करार करून देखभाल, लोकांना प्रवेश, बांधकामातले बदल अशा गोष्टी ठरवू शकतं. हा शिक्का बसला की पुरातत्त्व विभागाचा निधी आणि जिल्हा वार्षिक योजनेतला वाटा, अशी दोन्ही दारं उघडतात. गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी जिल्हा योजनेतून ३ टक्क्यांपर्यंत रक्कम राखण्याची तरतूद आहे. 'महाराष्ट्र वैभव' योजनेत खासगी संस्था स्मारक दत्तकही घेऊ शकते, नळदुर्ग किल्ला तसाच दिला गेला होता. मात्र स्वतःच्या घराला खिडकी पाडायलाही परवानगी लागणार, हे ऐकून अनेक मालक इथूनच परत फिरतात. त्यांना दोष देणं अवघड आहे.

दुसरा रस्ता सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्यात ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती सीएसआरमध्ये धरली आहे. पण कंपनी घरमालकाच्या खात्यात पैसे टाकत नाही, नोंदणीकृत ट्रस्ट किंवा संस्था लागते. शिवाय नंदुरबार हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. इथे येणारी कंपनी कुपोषण आणि शाळा आधी बघणार, आणि ते चूकही नाही.

तिसरा रस्ता कमाईचा. वाड्याच्या दोन खोल्या पर्यटकांना देता येत असतील आणि व्यवसाय घरातल्या महिलेच्या नावावर असेल, तर पर्यटन विभागाची 'आई' योजना आहे. त्यात १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज साडेचार लाखांच्या मर्यादेत परत मिळतं. हे अनुदान नव्हे, कर्ज फेडावंच लागतं. अमेरिकेतही तर्क असाच आहे. ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्तीवर केंद्र सरकार २० टक्के करसवलत देतं, पण उत्पन्न देणाऱ्या इमारतीलाच. मालक स्वतः राहतो त्या घराला नाही.

गंमत म्हणजे जुनं घर पाडायला सरकारी पैसा सहज आहे. प्रधानमंत्री आवास योजना २०१६ पासून ग्रामीण भागात कच्च्या घराच्या जागी पक्कं बांधायला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये देत आली आहे. गळक्या घरातल्या कुटुंबाला ते हवंच आहे. पण सातपुड्यातली कुडाच्या भिंतींची, लाकडी खांबांची घरं त्यात निमूटपणे जातात, आणि ती कुठल्याच वारसायादीत नव्हती.

बहुतेक अर्ज मात्र योजनेपर्यंत पोहोचतच नाहीत. अडतं ते मालमत्ता पत्रकावर. तिथे तीन पिढ्यांचे वारस असतात. कोणी पुण्यात, कोणी सुरतेत. करार असो वा ट्रस्ट, सह्या सगळ्यांच्या लागतात. त्यामुळे सुरुवात तिथून करावी. वारसनोंदी पूर्ण कराव्यात, वास्तूचे फोटो आणि मोजमापाचे नकाशे करून घ्यावेत, सनदा किंवा जुनी कागदपत्रं जोडावीत आणि प्रस्ताव पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयात द्यावा. पत्ता सरकारवाडा. पेशवेकालीन वाडाच आहे तो, दुरुस्त केलेला.