पहिल्याच ओळीत टोपी कशाला?

गेल्या वर्षी माझी एक कथा दिवाळी अंकाकडून परत आली. कथा साधी होती. विट्याच्या स्टँडवर एक म्हातारा एसटीत चढतो. मांडीवर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सुरी. शेजारी बसलेला कॉलेजचा पोरगा अंग चोरून घेतो. गाडी घाट चढते, म्हातारा डुलक्या घेतो, पोरगा त्या फडक्याकडे बघत राहतो. गावाच्या वेशीवर चार माणसे वाट बघत उभी असतात. देवीची जत्रा आहे, बोकडे बांधून ठेवली आहेत, आणि मुलाणी आल्याशिवाय कुणाचीच चूल पेटणार नाही. ‘आला का वं मुलाणीबाबा, किती उशीर!’ असे एक पाटील ओरडतो, तेव्हा पोराला कळते आणि वाचकालाही.

संपादकांचा फोन आला. “कथा चांगली आहे हो, पण तो मुसलमान आहे हे फार उशिरा कळतं. पहिल्याच परिच्छेदात दाढी, टोपी, असं काहीतरी येऊ द्या. वाचक गोंधळतो.”

मी म्हटले, “साहेब, त्याला दाढी नाही.”

“मग नाव तरी टाका.”

मी नाव टाकले नाही. कथा अजून घरीच आहे. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. मराठी कथेत वर्षानुवर्षे जे मुकाट्याने चालले आहे, तेच त्यांनी उघड बोलून दाखवले.

कथालेखनाच्या कुठल्याही शिबिरात जा, एक गोष्ट हमखास सांगतात. पात्राचा भूतकाळ पहिल्याच पानावर ओतू नका. गरज पडेल तसा, थोडा थोडा येऊ द्या. सल्ला सोळा आणे खरा आहे. पण तो सगळ्यांना सारखा लावला जात नाही. कुलकर्णी मास्तर कथेत आले तर त्यांच्या मनातला सल पंधराव्या पानावर उलगडतो. सलीम आला की तो दारातच पुरा होतो. अत्तर, सुरमा, आणि सातारा-सांगलीत कुठेच न ऐकू येणारी ‘हम करता, तुम जाता’ छापाची हिंदी. आमच्याकडचा मुलाणी, तांबोळी, बागवान घरात दखनी बोलत असेल, पण बांधावर आणि बाजारात गावाचीच बोली बोलतो. तेवढेही कान देऊन ऐकलेले नसते. नाव कळले, म्हणजे माणूस कळला. मग त्याचा भूतकाळ शोधायचा कशाला?

दुसरा प्रकार मला याहून जास्त खुपतो, कारण तो प्रेमाने केला जातो. अपघात होतो, कुणी अनोळखी माणूस जखमीला दवाखान्यात नेतो, रक्त देतो, रात्रभर बसून राहतो, आणि शेवटच्या ओळीत कळते की त्याचे नाव रहीम! वाचकाचे डोळे पाणावतात. माझे नाही पाणावत. लेखकाला हे नाव पहिल्यापासून ठाऊक होते. त्याने ते मुद्दाम खिशात ठेवले आणि शेवटी फटाक्यासारखे वाजवले. मुसलमान चांगला निघाला याचे आश्चर्य वाटावे, यावरच ती सगळी कथा उभी आहे. ‘माझी कथाही तेच करते’ असे कुणी म्हणेल. नाही करत. माझ्या कथेत पोराला जेवढे दिसते तेवढेच वाचकाला दिसते, आणि शेवटी उघडी पडते ती पोराची भीती. म्हातारा पहिल्या ओळीपासून आहे तसाच आहे.

आता जरा आपल्याकडेही बघू. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण पुष्कळ लिहिले. पण आपली कथा उघडा, ती बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्राने सुरू होते. आमचे पणजोबा पत्री सरकारात होते. आमच्या घरात ज्ञानेश्वरी आहे. महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि अफजलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. हे सगळे खरे असू शकते. पण कथेतल्या माणसाला पहिल्या पानावर कागदपत्रे का काढायला लावता? त्याला कुणी अजून विचारलेलेही नाही! संपादक म्हणतो टोपी दाखव, आपण म्हणतो थांबा, आधी पुरावे दाखवतो. दोन्हीकडे माणूस राहूनच जातो. माझ्याही सुरुवातीच्या कथा अशाच आहेत, हे कबूल करतो.

मग करायचे काय? कडेगावला जाऊन बघा. तिथले मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उठवतात, त्यांच्या भेटी बघायला गर्दी लोटते. ते बांधण्याची रीत उलटी आहे. आधी कळस, मग खालचे मजले, पाया शेवटी. कथेतला माणूस असाच बांधावा. आधी त्याचे आजचे दिसू दे. तो काय करतो, कशाला घाबरतो, कुणाचे देणे लागतो. मग त्याच्याखाली एकेक मजला सरकवत जा.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीतला कारागीर घ्या. मी कथा लिहिली तर पहिल्या पानावर तो फक्त तंबोऱ्याची जवारी काढत असेल. घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. धार लावावी तसा हात चालतो, एवढेच लिहीन. पाचव्या पानावर भिंतीवर एक गंजकी तलवार दिसेल. नवव्या पानावर नातू विचारेल, “आपलं आडनाव शिकलगार का?” हत्यारांना धार लावणारे हात तलवारींचे दिवस सरल्यावर लाकूड आणि भोपळ्याकडे वळले. मिरजेच्या सतारीचा इतिहासच तो आहे. पण वाचकाला तो नातवाबरोबर कळला तर त्याचा होईल. पहिल्या ओळीत सांगितला तर ती नुसती माहिती.

हे आपल्या मातीत आधीच झालेले आहे. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची. औंध संस्थानातल्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, आणि वाडीची माणसे त्याला जशी कळत जातात तशीच आपल्याला कळतात. त्यात आयबूही आहे. कारभारी, रामोशी यांच्यासारखाच तो वावरतो, आणि आपण त्याला त्याच्या वावरण्यातून ओळखतो.

कुणी म्हणेल, एवढ्याशा लेखनाच्या युक्तीसाठी एवढा आटापिटा कशाला? 2009 साली मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या अफजलखानाच्या चित्रावरून दंगल पेटली. सप्टेंबर 2023 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. दगड उचलणाऱ्याने चार चांगल्या कथा वाचल्या असत्या तर त्याचा हात थांबला असता, इतका भाबडा मी नाही. पण नाव ऐकताच माणूस संपवण्याची सवय रस्त्यावर एकदम येत नाही. ती वाचताना, ऐकताना, सिनेमा बघतानाही लागते. बातमीकडे वेळ नसतो; नाव, वय, गाव सांगून ती पुढे जाते. कथेकडे वेळ असतो. तो वेळही आम्हाला मिळणार नसेल तर मागायचा कुणाकडे?

यंदा ती कथा पुन्हा पाठवणार आहे. एक शब्दही न बदलता. म्हातारा विट्याला एसटीत चढेल, सुरी फडक्यातच राहील, आणि वेस येईपर्यंत वाचकाला त्याच्या शेजारी बसावे लागेल.