मातीचा बैल

श्रावण अमावास्येचा पोळा आटोपला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, वर्धा जिल्ह्यात मुलांचा पोळा भरतो. आदल्या दिवशी तोरणाखाली खरे बैल उभे राहिलेले असतात. या दिवशी त्यांच्या जागी चाकांवर उभे केलेले लाकडी बैल येतात. त्यांच्या पाठीवर झूल आणि शिंगांना बेगड असते, आणि दोरी एखाद्या चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मुठीत असते. तोरण सुटले की मुले आपापला नंदी ओढत घरोघर जातात, ओवाळून घेतात आणि बोजारा म्हणून मिळालेली नाणी खिशात वाजवत परततात. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी हा प्रघात पाडला असे परंपरा सांगते. विदर्भाबाहेरच्या महाराष्ट्राला हा तान्हा पोळा फारसा परिचित नाही. परंतु वर्धा जिल्ह्यात, विशेषतः सिंदी (रेल्वे) येथे, त्याची ख्याती एवढी आहे की तेथील मोठमोठे नंदी पाहण्यासाठी दूरदूरची माणसे जमतात. मुलाच्या हातातल्या खेळण्याचीच ज्यात पूजा होते असे सण फार थोडे. म्हणूनच या सणाकडे आईबापांच्या, त्यातही मजुरी करणाऱ्या आईबापांच्या, बाजूने पाहणे आवश्यक आहे.

प्रथम हिशेब पाहावा. श्रावण-भाद्रपद हा कापूस आणि सोयाबीन पिकवणाऱ्या मुलखातला हातउसन्याचा काळ. बियाणे-खतांत पैसा गेलेला असतो, फवारणी चालू असते, सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघणार असते आणि कापसाची पहिली वेचणी त्याच्याही पुढे असते. २००६ साली केंद्र सरकारने शेतकरी-आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता, याचे स्मरण येथे ठेवले पाहिजे. नेमक्या या दिवसांत मूल बैल मागते. बाजारात लाकडी बैलाची किंमत काही शेकड्यांपासून सुरू होते आणि काही हजारांपर्यंत सहज चढते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे साधासा बैल घ्यायचा तरी निंदणाला जाणाऱ्या आईची एक-दोन दिवसांची कमाई गेली, आणि शेजारच्या वाड्यातल्यासारखा घ्यायचा तर आठवड्याची गेली. जिच्या घरी दोन मुले आहेत तिने कोणाच्या हाती दोरी द्यायची, हा प्रश्न तिच्यापुढे दरवर्षी उभा राहतो. मोठ्याला समजावता येते. धाकट्याला समजावता येत नाही. दुकानापुढून मुलाला ओढत नेणाऱ्या आईला लोक कठोर म्हणतात. तिने पदराच्या गाठीतले किती पैसे मोजून पाहिलेले असतात, ते कोणी विचारत नाही.

तोरणाखाली काय घडते हेही सर्वांनी पाहिलेले आहे. सागवानी, पितळी घुंगरांचा, दोघा-तिघांनी ओढायचा नंदी पुढे असतो; हातभर उंचीचा त्याच्या मागे; आणि घरी आईने थापलेला मातीचा बैल पाटावर ठेवून आणणारे मूल सर्वांच्या मागे. अलीकडे या पोळ्याला स्पर्धेचे रूप आले आहे. उत्कृष्ट नंदी, उत्कृष्ट सजावट आणि उत्कृष्ट वेशभूषा यांना बक्षिसे दिली जातात, आणि मैदानाभोवती इच्छुक पुढाऱ्यांचे फलक लागतात. ही बक्षिसे वस्तुतः मुलांना मिळत नाहीत. ती बापाच्या ऐपतीला मिळतात. स्पर्धेत मातीचा बैल चालत नाही, असे मुलाला सांगितले जाते. त्याला चाके नाहीत म्हणून तो चालत नाही, असे ते मूल समजते. तो दुसऱ्याच अर्थाने चालत नाही, हे कळायला त्याला पुढची काही वर्षे लागतात. वर्गभेदाचा पहिला धडा त्याला येथे मिळतो, आणि तोही सणाच्या दिवशी, नवे कपडे घालून.

यातला विरोधाभास असा की बैल हे मुळात श्रमाचे प्रतीक. वर्षभर वखर, डवरा, तिफण ओढणाऱ्या प्राण्याला एक दिवस जू उतरवून विश्रांती द्यावी, त्याच्या खांद्याला हळद-तूप लावावे, हा पोळ्याचा गाभा. त्या बैलाची निगा राखणारा सालदार त्याच्या दोरीला धरून दारोदार जातो आणि बोजारा घेतो. बैल मात्र त्याचा नसतो. ज्याच्या दारी बैल नाही तो मातीचे बैल करून पुजतो. भूमिहीनाच्या देव्हाऱ्यातला तो मातीचा बैल म्हणजे श्रमाची पूजा आहे. त्याला हलके मानणारा समाज स्वतःच्याच सणाचा अर्थ विसरला आहे.

दरम्यान खरा बैल शेतातून नाहीसा होत आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातील नर जनावरे सुमारे ६ कोटी ८० लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ४ कोटी ७० लाखांवर आली. अवघ्या सात वर्षांत जवळजवळ तीस टक्क्यांची ही घट आहे. आर्वी, आष्टी, कारंजा या वर्धा जिल्ह्यातल्याच तालुक्यांत घडलेली, चपळ चालीसाठी नावाजलेली गवळाऊ जातही तिच्यातून सुटलेली नाही. ट्रॅक्टर आले, वैरण महागली, जोडी पाळणे लहान शेतकऱ्याला झेपेनासे झाले. औतफाट्याची कामे घटल्याने गावच्या सुताराला पोळ्याच्या तोंडावर बैल घडवण्याचा आधार उरला. त्या आधारालाही प्लास्टिकने धक्का दिला आहे. शेतातला बैल जसजसा कमी झाला, तसतसा मैदानातला नंदी उंच होत गेला. त्या उंचीत शेतीविषयीची कृतज्ञता किती आणि प्रतिष्ठेची हौस किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

हे केवळ तान्ह्या पोळ्याचे नाही. डिसेंबरात बालवाडीतून लाल टोपी आणि लाल झगा आणण्याची सूचना येते तेव्हा त्याच आईबापांना तोच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. सण कोणाचा हा येथे मुद्दाच नाही. नाताळच्या आनंदावर जगातल्या प्रत्येक मुलाचा हक्क आहे. मुद्दा हा की खेळणे कोण घडवतो, त्याची किंमत कोण मोजतो आणि दुरून पाहत कोण उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातले झोनेबर्ग हे गाव जगाला बाहुल्या आणि खेळणी पुरवीत असे. नाताळच्या आधीच्या महिन्यांत तेथील गरीब घरांतून आईबापांच्या जोडीने लहान मुलेही राबत, आणि त्यांनी घडवलेल्या बाहुल्या दूरदेशीच्या सुखवस्तू मुलांच्या उशाशी जात. एका मुलाचे खेळणे दुसऱ्या मुलाचे काम व्हावे, हा बाजाराचा न्याय आहे. तो तेव्हा जर्मनीत अन्यायाचा होता, तसाच आज कोठेही अन्यायाचा आहे.

काही जण म्हणतील, कर्ज, भाव आणि रोजगार यांचे प्रश्न पेटलेले असताना खेळण्यांची चर्चा कशाला? हा आक्षेप वरवर कडवा वाटतो. तथापि तो मुलांना माणसांत न मोजणारा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने एकतिसाव्या कलमात खेळण्याचा हक्क मान्य केला आणि भारताने १९९२ साली ती संहिता स्वीकारली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पोषणाइतकेच शाळापूर्व शिक्षणालाही स्थान दिलेले आहे. ते शिक्षण खेळण्यांवाचून होत नाही. परंतु जिच्यावर ते सोपवले, त्या अंगणवाडी सेविकेला शासनाने कर्मचारी मानले नाही, मानधनावर ठेवले. महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांना डिसेंबर २०२३ मध्ये बेमुदत संपावर जावे लागले, ते याच कारणाने. सेविकेला वेतन नाही आणि मुलाला खेळणे नाही, या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत.

उपाय शोधण्यासाठी वर्ध्याला दूर जावे लागत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना पुढे आली. पुढे सेवाग्रामने ती सात वर्षांखालच्या मुलांपर्यंत नेली. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम आरंभले, तेव्हा माँटेसोरींची महागडी साधने परवडणार नाहीत हे ओळखून शिंपले, दगड, पाने, बिया यांतूनच साधने उभी केली. अनुताई वाघांनी ते काम आयुष्यभर चालवले. खेळणे स्वस्त असले म्हणून हलके होत नाही, आणि मुलाने स्वतः घडवले म्हणजे त्याचे मोल वाढते, हे या मंडळींनी सिद्ध करून ठेवलेले आहे.

कारागिराची बाजूही पाहिली पाहिजे. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हा नियम योग्यच आहे. त्यातून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना सूट मिळाली. पण गावच्या सुताराकडे अशी नोंद असेलच असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे, दोघेही धरलेले आहेत. कागदावरची ही तरतूद सुताराच्या ओट्यापर्यंत पोचते की नाही, याची विचारपूस करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

आणि काम तेथेच संपत नाही. समाजवादी कार्यकर्तेही अशा स्पर्धांच्या व्यासपीठांवर बसतात, बक्षिसांवर नाव घालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते थांबले पाहिजे. त्याचबरोबर फलक लावून गरिबांच्या मुलांना बैल वाटणे हाही उपाय नव्हे. दान घेताना मूल वाकायला शिकते. श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात अंगणवाडीत आणि शाळेत सर्व मुलांना एकत्र बसवून गावच्या कुंभार-सुतारांच्या हाताखाली बैल घडवू द्यावेत, आणि त्या कारागिरांना ग्रामपंचायतीने त्या दिवसांची मजुरी द्यावी. वाड्यातल्या मुलाचे हातही त्याच मातीत भरू द्यावेत. बक्षीस द्यायचेच तर स्वतःच्या हाताने घडवलेल्या बैलाला द्यावे. तोरणाखाली उंचीनुसार रांग न लावता वयानुसार लावावी, म्हणजे सर्वांत तान्हे मूल सर्वांत पुढे येईल. यासाठी मोठा निधी लागत नाही, ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.

मजुरीचे दर, कापसाचे भाव आणि सेविकेचे वेतन यांसाठी लढा द्यावा लागेलच. त्याला पर्याय नाही. पण ज्या गावात मुलांची रांग ऐपतीप्रमाणे लागते, त्या गावात मोठ्यांची समता केवळ भाषणात राहते. त्या रांगेची सुरुवात बदलणे गावाच्या हातात आहे, आणि त्यासाठी कोणत्याही सरकारची वाट पाहावी लागत नाही.