आता ऐकू येतं ना?

या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही, आणि विचारणाऱ्याला उत्तर एकाच शब्दात हवं असतं. उजव्या कानामागचं मशीन आणि केसांत चिकटलेली गोल चकती बघून पहिल्या वर्षाच्या मुलींपासून झेरॉक्सवाल्या काकांपर्यंत सगळे हेच विचारतात. ‘हो’ म्हटलं की समोरचा खूश होतो, पाठ फिरवतो आणि पुढचं वाक्य चालता चालता बोलून टाकतो. ‘नाही’ म्हटलं की, ‘मग एवढा खर्च कशाला केला?’ मासिकाच्या मराठी विभागात जागा मिळतेय, तर एकदाच सविस्तर उत्तर देऊन टाकते. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी बघून घ्यावं.)

मशीनचं नाव कॉक्लिअर इम्प्लांट. लोकांना वाटतं हा कानाचा चष्मा आहे. चष्मा लावला की फळा दिसतो, विषय संपला. इथे तसं होत नाही. साधं श्रवणयंत्र मी सातवीपासून बारावीपर्यंत वापरलं, ते आवाज मोठा करून देतं. पण माझे कान वर्षागणिक इतके गेले की मोठा केलेला आवाज नुसता मोठाच राहायचा, त्याचा शब्द होत नसे. शेवटी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची परीक्षा संपल्यावर ऑपरेशन झालं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, तुमचा सिग्नल्सचा अर्धा सिलॅबस माझ्या कानामागे लटकतोय. माइक आवाज पकडतो. प्रोसेसर फिल्टर लावून त्याचे पट्टे पाडतो, प्रत्येक पट्ट्याचा फक्त एन्व्हलप ठेवतो आणि चकतीतून रेडिओ लिंकने कातडीखालच्या भागाला पाठवतो. आत बॅटरी नाही, पॉवरही त्याच वाटेने जाते. आतून एक बारीक तार कॉक्लियात, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या भागात गेलेली आहे. माझ्या तारेवर २२ इलेक्ट्रोड आहेत. चांगल्या कानात हे काम आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० केसपेशी करतात. साडेतीन हजार ठिपक्यांची रांगोळी बावीस ठिपक्यांत काढायला दिली तर कशी दिसेल, तसा मला आवाज ‘दिसतो’. उरलेली रांगोळी मेंदूने भरायची.

याचा इतिहास आपल्यासारख्यांना आवडेल असा आहे. ऑस्ट्रेलियातल्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांचे वडील औषधाचं दुकान चालवायचे आणि त्यांना नीट ऐकू येत नसे. मुलगा मोठा होऊन कानाचा डॉक्टर झाला. तार त्या गुंडाळलेल्या शंखात आत सरकवायची कशी, हे काही केल्या सुटत नव्हतं. एकदा समुद्रकिनाऱ्यावर बसून त्यांनी खऱ्या शंखात गवताची पाती घालून पाहिली. टोकाला लवचिक आणि बुडाशी ताठ असलेली पाती अलगद आत गेली. १९७८ साली त्यांनी मेलबर्नला पहिलं ऑपरेशन केलं. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर हे इंजिनिअर जोडपं त्याच सुमारास हेच करत होतं. पुढे ब्लेक विल्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९९१ मध्ये दाखवलं की सगळे इलेक्ट्रोड एकदम चालवण्यापेक्षा एकामागून एक चालवले तर करंट एकमेकांत मिसळत नाहीत आणि शब्द कितीतरी स्पष्ट कळतात. २०१३ चं लास्कर पारितोषिक क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना मिळालं. तिघांतले दोघं इंजिनिअर! आपल्याकडे मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली, तीही याच क्षेत्रातल्या कामासाठी.

पैशाचंही सांगून टाकते, कारण तो प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. केंद्र सरकारची एडिप नावाची योजना आहे. २०१४ मध्ये ती सुधारली तेव्हा दरवर्षी ५०० मुलांना प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंतचं इम्प्लांट देण्याची तरतूद झाली, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बाळांना वेळेत इम्प्लांट मिळणं फार गरजेचं आहे, कारण भाषा शिकायचं वय थांबत नाही. अठरा वर्षांच्या घोडीसाठी पप्पांनी कंपनीच्या पतपेढीचं कर्ज काढलं. ते अजून फिटायचंय, म्हणून ‘कशाला केला खर्च’ हे ऐकायला जरा जड जातं. (हे मात्र मला स्पष्ट ऐकू येतं!)

आता रोजच्या जगण्याबद्दल. आमचं घर बदलापूरजवळ खरवईला, एम.आय.डी.सी.च्या बाजूला. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मशीन चालू केलं, त्याला स्विच-ऑन म्हणतात. घरच्यांना वाटलं होतं, सिनेमासारखं मी ‘आई’ ऐकून रडेन. मला ऐकू आल्या जत्रेतल्या पिपाण्या. आई बोलली, पिपाणी. डॉक्टर बोलले, पिपाणी. दार लागलं, तीच पिपाणी जरा जाड. घरी आलो तर पाऊस चालू होता आणि आमच्या गॅलरीवर पत्रा आहे. मी दोन दिवस मशीन लावून त्या पत्र्याखाली बसले, आणि तिसऱ्या दिवशी पाऊस पिपाणीसारखा न वाजता पावसासारखा वाजला. कुठल्या क्षणी बदललं ते सांगता येत नाही.

मग सुरू झाला अभ्यास. सकाळी आई पाठीमागे उभी राहायची, तोंडासमोर कागद धरायची आणि एकेक आवाज काढायची: आ, ई, ऊ, श, स, म. याला लिंग टेस्ट म्हणतात, डॅनियल लिंग यांच्या नावावरून. सहा आवाजांत बोलण्यातल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी येतात, त्यामुळे मशीन कुठे कमी पडतंय ते कळतं. ‘श’ आणि ‘स’ मला दीड महिना सारखेच होते. मग आजीने स्वतःची टेस्ट काढली. काल की काळ? वेल की वेळ? माल की माळ? थेरपीच्या इंग्रजी यादीत ‘ळ’ नव्हताच. आजी तांदूळ निवडत एकेक शब्द टाकायची आणि मी उत्तर द्यायचं. शाळेत एकदा आमच्या बाईंनी सुचवलं होतं की ऐकायचा त्रास आहे तर मराठीतून सूट मिळेल, अर्ज करा. आजीने तेव्हा ठणकावून नाही सांगितलं होतं. आजीलाही कमी ऐकू येतं, पण श्रवणयंत्राचं नाव काढलं की म्हणते, ‘तुझ्या डोक्यात लोहचुंबक बसवलंय तेवढं पुरे, घरात एकच रोबो असू दे.’

लोहचुंबक खरंच आहे. त्यानेच चकती डोक्याला चिकटून राहते. हॉस्टेलच्या लोखंडी कपाटात वाकून बघितलं की ती कपाटाला जाऊन बसते आणि जग एकदम म्यूट होतं. पावसाळ्यात दमट हवेने मशीन बिघडू नये म्हणून रात्री ते सुकवायच्या डबीत ठेवावं लागतं.

शनिवारी लोकलने घरी जाते. डब्यात पंखे, भजनं, चाकांचा खडखडाट, बायकांची जागेवरून भांडणं. या सगळ्यात मला एक शब्द लागत नाही. पण स्टेशनवरची अनाऊन्समेंट मात्र मी शिकले, कारण तीच गोष्ट मराठी, हिंदी आणि इंग्रजीत होते. मराठीत अंदाज येतो, हिंदीत खात्री होते, इंग्रजीत मजा येते. रेल्वेने हे माझ्या थेरपीसाठी केलं नसणार, पण उपयोग झाला. आणि खरवईत लाईट गेली की सगळे वैतागतात, मी खूश. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारचा टीव्ही बंद. तेव्हा मला सगळ्यात छान ऐकू येतं. फक्त अंधारात ओठ दिसत नाहीत, तेवढंच.

गाण्याचं मात्र अजून जमलेलं नाही. गणपतीत ताशा नीट कळतो, टाळ कळतात, ठेका चुकत नाही. आरतीची चाल मात्र येत नाही, शब्द पाठ आहेत म्हणून कोणती आरती ते समजतं. बावीस ठिपक्यांत लय बसते, सूर बसत नाहीत. काही जणांना पुढे जमतं म्हणे. बघू.

एवढं सगळं सांगितलं ते पुढच्या मुद्द्यासाठी. आपल्याकडे माझ्याबद्दल एक वाक्य फिरतं आणि ते मला कळलंय: ‘ती सोयीनुसार बहिरी आहे.’ रूममध्ये कुजबुजलेलं ऐकू येतं, मेसमध्ये ओरडलं तरी येत नाही, म्हणजे नाटक! मित्रमैत्रिणींनो, याला सिग्नल टू नॉइज रेशो म्हणतात, आपण त्यावर परीक्षेत मार्क घेतलेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. मेसची टाइल्सची भिंत, स्टीलची ताटं आणि दोनशे माणसं यात तुमचा कान आणि मेंदू मिळून नको ते गाळून टाकतात. माझा प्रोसेसर ते थोडंसंच करू शकतो. म्हणून तीच मी, तोच कान, आणि खोली बदलली की निकाल बदलतो. संध्याकाळपर्यंत ऐकून ऐकून डोकं दुखतं. मग मी मशीन काढून बसते, त्याला लोक घमेंड म्हणतात. जगात इम्प्लांट न घेता खुणांच्या भाषेत मस्त जगणारी पुष्कळ माणसं आहेत. मी बोलण्याच्या जगात वाढले म्हणून हा रस्ता घेतला. पण तो निम्मा माझा आणि निम्मा समोर बोलणाऱ्याचा आहे.

आणि इथे स्टाफशी माझं थोडं भांडण आहे. प्रेमाचंच. गेल्या वर्षी सेमिनारच्या वेळी मला सांगण्यात आलं की तू प्रेझेंटेशन देऊ नकोस, रिपोर्टवरच मार्क देतो. व्हायवालाही तेच. सगळे चांगल्या मनाने म्हणत होते, यात मला शंका नाही. तरी माझं मत आहे की ही दया मला महागात पडेल. मी सेमिनार दिला नाही तर मार्कशीटवर आकडा येईल, पण पुढच्या वर्षी कॅम्पसला कंपनी आली की ग्रुप डिस्कशनमध्ये मला कोण सूट देणार? सहा जण एकदम बोलतायत आणि मी आयुष्यात एकदाही उभी राहून उलट प्रश्न घेतलेला नाही, असं होईल. मी तेव्हा दुसरी मागणी केली. शांत खोली द्या, पंखा बंद करा, परीक्षकांनी समोर बसावं, आणि प्रश्न कळला नाही तर कागदावर लिहून द्यावा. उत्तर मी तोंडानेच देईन. चुकलं तर मार्क कापा. खूप चर्चेनंतर ते मान्य झालं. पंचवीसपैकी सतरा मिळाले. हे सतरा मला बावीसपेक्षा प्रिय आहेत (इलेक्ट्रोडच्या बावीसपेक्षा नाही).

कायदाही वाचून बघा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा. कलम १७ मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशी उदाहरणं दिलीत, ती ऑफिसमध्ये सगळ्यांना पाठ आहेत. त्याच्याच आधीच्या कलम १६ मध्ये शिक्षणसंस्थेने ज्या त्या विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करावी असं म्हटलंय, ते मात्र कुणी उघडत नाही. सूट द्यायला एक सही लागते. सोय करायला विचारावं लागतं, की बाई गं, तुला नक्की काय हवं? मला हवं ते फार नाही. फळ्याकडे तोंड करून शिकवू नका. सूचना माइकवरून देता तशी नोटीस बोर्डावरही लावा. माझ्याकडे कॉलरला लावायचा एक छोटा माइक आहे, त्यातून सरांचा आवाज थेट मशीनमध्ये येतो. एक सर तो आनंदाने लावतात, दुसऱ्या एका सरांना वाटतं मी त्यांचं रेकॉर्डिंग करतेय. सर, नाही होत रेकॉर्डिंग. होत असतं तर मी वर्गात सगळ्यात लोकप्रिय झाले असते.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. मागच्या महिन्यात मुलींच्या हॉस्टेलमध्ये रात्री आगीचं मॉक ड्रिल झालं. मी मशीन डबीत ठेवून झोपलेली. सायरन वाजला, अख्खा मजला खाली गेला, आणि रूममेट अर्ध्या जिन्यातून परत आली म्हणून मला कळलं. ती त्या रात्री घरी गेलेली असती तर? सकाळी उठायला माझ्याकडे उशीखाली थरथरणारं घड्याळ आहे, पण त्याला आग कळत नाही. सायरनबरोबर खोलीत एक लखलखणारा दिवा लागायला हवा. फक्त माझ्या खोलीत नाही, कानात इअरफोन घालून झोपणाऱ्या अर्ध्या हॉस्टेललाही तो लागेल.

रेक्टर मॅडमना तसा अर्ज दिला आहे. सोबत सर्किट जोडलंय: एक रिले, एक ॲडॉप्टर, एक एलईडी फ्लॅशर. सामान लॅमिंग्टन रोडवरून मी आणते, वायरिंग माझी रूममेट करणार आहे. पॅनेलच्या खोलीची किल्ली तेवढी हवी आहे.