मेस्त्रींचा महाराष्ट्र

2025 च्या जानेवारीत दावोसहून राज्य सरकारच्या 15 लाख 70 हजार कोटी रुपयांच्या सामंजस्य करारांची बातमी आली आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर तोच आकडा झळकत राहिला. यातला पैसा कोणत्या तालुक्यात जाणार, तिथे सुटे भाग कोण बनवणार, यंत्र अडले तर दुरुस्तीला माणूस कुठून येणार, हे कुणी विचारले नाही. वर्षभर सलत राहिले ते हेच.

तसे त्या वर्षात पुष्कळ घडले. पहिलीपासूनच्या हिंदीचे शासननिर्णय निघाले आणि मराठी माणूस एकवटल्यावर मागे घ्यावे लागले. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातली शेते खरवडून नेली. ज्या घरात कारखान्याचा एक पगार येतो, ते घर अशा पुरानंतरही तग धरते. ज्या घरात तो येत नाही, ते कोयता घेऊन ऊसतोडीला निघते. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय कारखानदारी आणि तिच्यामुळे घडलेले, न घडलेले प्रदेश.

कोल्हापूरच्या फौंड्र्या कुठल्याही करारातून आल्या नाहीत. पंचगंगेच्या काठी ऊस होता, गुऱ्हाळे होती, उसाचे चरक होते. पाणी उपसायला ऑइल इंजिने आली. ती बिघडत. विलायतेहून भाग यायला महिने लागत आणि महायुद्धाच्या काळात तेही दुरापास्त झाले. मग म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांच्या या गावाने मोडलेला भाग समोर ठेवून तसाच दुसरा ओतायला घेतला. बाबुराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा तयार केला तोही याच गावात. लाकडी पॅटर्न करणारा सुतार, वाळूचा साचा भरणारा मोल्डर, भट्टी सांभाळणारा, ओतीव तुकडा लेथवर कातणारा टर्नर, असे सगळे हाकेच्या अंतरावर राहत. एकाचे काम बिनसले तर दुसरा त्याच दिवशी सांगे, कारण ते त्याच्याच हातात यायचे असे. उद्यमनगरातून हे काम शिरोलीला, गोकुळ शिरगावला पसरले आणि आज देशातल्या मोठमोठ्या वाहन कंपन्यांना कोल्हापूरचे कास्टिंग लागते. इचलकरंजीतही तेच झाले. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, संस्थानिकांनी पाठबळ दिले, आणि मागामागून सायझिंग, दुरुस्ती, सुताचा व्यापार अशी गावाचे गावपण बदलणारी साखळी उभी राहिली.

मोठी कंपनी बाहेरून आली की असे होतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. 1985 साली बजाजचा कारखाना मराठवाड्यातल्या वाळूजला सुरू झाला. त्याला भाग पुरवायला जी लहान युनिटे निघाली, त्यांतल्याच एंड्युरन्सचे आज इटली आणि जर्मनीत कारखाने आहेत. वाळूजचा खरा लाभ मोजायचा तर या पुरवठादारांपासून मोजावा लागेल. मुख्य कारखान्याच्या फाटकाबाहेर काय उगवले, हीच विकासाची कसोटी.

या कसोटीवर सरकारी धोरण नापास होते, आणि हे स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे. तालुका जितका मागास तितकी सवलत जास्त, हे तिचे सूत्र. हेतू चांगलाच होता. पण सवलत मिळते ती भांडवलाला आणि करात. पॅटर्न करणाऱ्या माणसाला, लेथ शिकवणाऱ्या गुरूला, भागाची चाचणी करून देणाऱ्या प्रयोगशाळेला त्यात जागा फार थोडी. सवलतीसाठी आलेला उद्योजक सवलत संपली की दुसरा तालुका शोधतो. मागे कुलूप लागलेली शेड आणि गवत वाढलेले प्लॉट उरतात.

दांडेकर समितीने 1984 साली प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला. सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य यांचा तो हिशेब होता. रस्त्याचा अनुशेष पैसे ओतून भरता येतो. तीन पिढ्यांच्या हातात मुरलेल्या कसबाचा अनुशेष कसा भरणार? 1877 साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती कापसाच्या शेजारी गिरणी हवी म्हणून. आज विदर्भातला बराच कापूस जिनिंग-प्रेसिंग होऊन गाठींच्या रूपात बाहेर जातो आणि सूत, कापड, शिलाई यांची मजुरी दुसऱ्या राज्यांत वाटली जाते. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या मुलाला या मजुरीतला वाटा मिळत नाही, हा अन्याय आहे. आणि प्रादेशिक विकास मंडळांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपल्यापासून तो मांडायला हक्काची जागाही राहिलेली नाही.

त्याऐवजी आपण भांडतो ते प्रकल्प कुणी पळवला यावर. 2022 साली वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातला गेला म्हणून रान उठले. पुढच्याच जुलैत फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली.

मराठी नियतकालिकांना हा विषय परका नाही. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक 1909 चा, दुसऱ्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर नांगराचा कारखाना उभारला. त्याच किर्लोस्करवाडीतून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, आणि कारखान्याच्या बातमीपत्राचे मासिक होऊन ते मराठी घराघरांत गेले.

या अंकासाठी आमचे लेखक कोल्हापूर, इचलकरंजी, वाळूज आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीला जाऊन आले. पुढच्या जानेवारीत पुन्हा आकडे जाहीर होतील. सरकारने प्रत्येक करारासोबत तालुका जाहीर करावा, त्या तालुक्यातल्या आयटीआयमध्ये कोणती यंत्रे आहेत हे सांगावे, आणि पाच वर्षांनी किती भाग स्थानिक कारखान्यांतून घेतले गेले त्याचा तक्ता विधिमंडळात ठेवावा. आमच्या वाचकांनी आपापल्या आमदाराकडे हे लेखी मागावे.