तिकीट मात्र पुरे

आपल्या वार्षिकांकात सहलीवर एक लेख दरवर्षी असतोच. पहाटे गाडी सुटते, गाण्याच्या भेंड्या रंगतात, एरवी गंभीर असणारे सर चक्क नाट्यगीत म्हणतात आणि परतताना सर्वांचे डोळे पाणावतात. मीही तसाच लेख लिहिणार होते. पण सहलीहून परतल्यावर मनात साचून राहिली ती तक्रार. आणि त्या तक्रारीत एक आरोपी मीही आहे, कारण तिथे जाण्याचा आग्रह माझाच होता.

वर्गात दोन तट पडले होते. एकाला वेरूळला जायचे होते. "बी. ए.च्या विद्यार्थ्यांनी जन्मभर लेणीच पाहायची का?" असा सवाल करून मी दुसऱ्या तटाचे नेतृत्व पत्करले. लहानपणी मामांबरोबर मी त्या करमणूक उद्यानात गेले होते. रोलर कोस्टरच्या टोकावर पोटात आलेला गोळा, मामांनी डोळे मिटून केलेला रामनामाचा जप, हे सारे मी वर्गापुढे इतके रंगवून सांगितले की वेरूळ पडले. वर्गणी ठरली चौदाशे रुपये. आमच्यातल्या एका मैत्रिणीची आई विड्या वळते. चौदाशे रुपये म्हणजे किती विड्या, हा हिशेब अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असूनही मला तेव्हा सुचला नाही.

रात्रभर प्रवास करून आम्ही पोचलो. खिडकीवर पूर्ण तिकीट घेतले गेले. विद्यार्थी म्हणून सवलत मागितली तर 'सोमवारी या' असे उत्तर मिळाले. प्रवेशद्वारावरच्या सिमेंटच्या हत्तीची सोंड तुटून आतली सळई बाहेर आली होती. आत एका मोठ्या फलकावर उद्यानाचा नकाशा होता व त्यावर बावीस खेळ दाखवले होते. आम्ही फिरून मोजले, नऊ चालू होते. बाकीच्यांवर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी. त्या पाटीचाच रंग उडालेला, तेव्हा दुरुस्तीही बरीच जुनी असावी! तळ्यातले पाणी शेवाळाने हिरवेगार झाले होते आणि त्यात चोच नसलेल्या बदकांच्या होड्या एकमेकींना बांधून ठेवलेल्या. मामांचा रोलर कोस्टर उभा होता, पण त्याच्या रुळांवर वेल चढला होता. कर्ण्यावरून मात्र सकाळपासून आनंदी गाणी चालू होती. रिकाम्या मैदानात आनंदी गाणे किती केविलवाणे वाटते हे ज्याने ऐकले असेल त्यालाच कळेल.

राहता राहिला मोठा पाळणा. तो चालू आहे असे कळल्यावर आम्ही धावतच गेलो. तो चालवणारा मध्यमवयीन माणूस, अंगात उद्यानाचा निळा सदरा. आम्हाला पाहून म्हणाला, "ताई, जरा थांबा. एकदा रिकामा फिरवून बघतो." त्याने पाळणा फिरवला. कुठेतरी वर कट्ट असा आवाज झाला. त्याने पुन्हा फिरवला, मान वर करून कान दिला आणि बटण बंद केले. "नको. आज नको. वर सांगून झालंय, पण तुम्ही बसू नका." त्या दिवशी त्या उद्यानात आमच्याशी खरे बोललेला माणूस तो एकटाच.

पैसे परत मागायला आम्ही खिडकीवर गेलो तेव्हा तिथल्या गृहस्थाने शांतपणे तिकीट उलटे केले. मुंगीएवढ्या अक्षरांत छापले होते, की कोणताही खेळ पूर्वसूचनेशिवाय बंद राहू शकेल व रक्कम परत मिळणार नाही. कायदा त्यांच्या बाजूने असेलही. घरी परतल्यावर त्या मैत्रिणीला आईने विचारले, "मोठ्या पाळण्यात बसलीस का गं?" ती म्हणाली, "हो, दोनदा." हे तिने मला नंतर सांगितले आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

या निमित्ताने काही वाचन केले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर जॉर्ज टिल्यू नावाच्या गृहस्थाने १८९७ साली 'स्टीपलचेस पार्क' उघडले. १९०७ मध्ये ते आगीत जळाले. हा पठ्ठ्या असा, की दुसऱ्याच दिवशी त्याने पाटी लावली : जळते अवशेष पाहण्याचे शुल्क दहा सेंट. या गोष्टीला लोक हसतात. मला मात्र टिल्यूविषयी आदर वाटला. अवशेष दाखवून त्याने पैसे घेतले हे खरे, पण त्यांना अवशेषच म्हटले आणि शुल्कही अवशेषांचेच घेतले. पुढे त्याने उद्यान पुन्हा उभारले आणि ते १९६४ पर्यंत चालले. आमच्या वाट्याला अवशेष आले ते पुऱ्या किमतीला आणि उद्यान या नावाखाली.

मालकांची बाजू मला दिसत नाही असे नाही. हा धंदा भलताच अवघड. कापडाच्या दुकानात माल खपला नाही तर नवा भरायचा नाही, एवढे करता येते. इथे पाळण्यात एक माणूस बसो की चाळीस, वीज, तेल, पगार चुकत नाहीत. गर्दी घटली की पहिली कात्री लागते ती दुरुस्तीला, कारण न केलेली दुरुस्ती पहिल्या वर्षी कोणाच्या डोळ्यांत येत नाही. दुसऱ्या वर्षी एक खेळ बंद पडतो, तिसऱ्या वर्षी माणसे आणखी कमी येतात. त्यात २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तो या उद्यानांवर २८ टक्के. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आला. मग २०२० च्या साथीत फाटकेच बंद झाली. मोठमोठी नावेही यातून सुटली नाहीत. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतल्या अप्पू हत्तीच्या नावाचे दिल्लीचे 'अप्पू घर' १९८४ साली सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद झाले. मढ-मार्व्याच्या बाजूने खाडी ओलांडून मुंबईकर ज्या गोराईच्या 'एस्सेल वर्ल्ड'ला जात, ते १९८९ साली उघडलेले उद्यान २०२२ मध्ये बंद पडले. खोपोलीजवळचे 'इमॅजिका' २०१३ साली थाटात सुरू झाले, कर्जात रुतले आणि २०२२ मध्ये नव्या मालकांच्या हाती गेले.

बंद पडण्यात कमीपणा नाही. माणसे जशी थकतात तशी उद्यानेही थकणारच. माझा राग आहे तो थकलेले असताना तरुणाचे भाडे घेण्यावर. बंद खेळांची यादी तिकिटाच्या खिडकीवर, पैसे घेण्याआधी, ठळक अक्षरांत लावायला खर्च किती येतो? एक फळा आणि एक खडू. आणि जितके खेळ चालू, तितकेच दाम. आमच्या वर्गातले काहीजण म्हणतात, "चालायचंच, फोटो तर छान आले." गंजलेल्या पाळण्यापुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे खरोखरच छान आली आहेत. पण पडझडीतले सौंदर्य ज्याला पाहायचे असेल त्याने खुशाल पाहावे; वर्गणी त्यासाठी गोळा केलेली नव्हती. (तसे पाहता वेरूळलाही पडझड होती, आणि ती स्वस्त पडली असती, असे सर म्हणाले. मी ऐकून घेतले.)

आपल्या गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे या दृष्टीने मी यंदा प्रथमच नीट पाहिले. संक्रांतीच्या आधी होम मैदानावर ट्रकमधून सांगाडे उतरतात आणि जत्रा उठली की सुटे होऊन पुढच्या गावाला जातात. गावोगाव उभारणी करताना प्रत्येक बोल्ट कुणाच्या तरी हाताखालून जातोच. कायम उभ्या असलेल्या पाळण्याच्या नशिबी हे नाही. त्याच्याकडे कुणी मुद्दाम चढून पाहिले तरच. जत्रेत अपघात होत नाहीत असे मी म्हणत नाही, होतात. पण तिथे पैसे घेतात ते फिरणाऱ्या पाळण्याचे. तो थांबला तर मालकाच्या हाती दमडी पडत नाही.

चौदाशे रुपये मी त्या मैत्रिणीला परत करू पाहिले तेव्हा ती माझ्यावर भडकली. "पैसे कोण मागतंय? मला वरून गाव कसं दिसतं ते बघायचं होतं." जानेवारीत आम्ही दोघी गड्ड्याला गेलो. तिकिटे तिनेच काढली. पाळण्यात पाय ठेवण्याआधी तिने पाळणेवाल्याला खणखणीत आवाजात विचारले, "मामा, बोल्ट आवळलेत ना सगळे?" मागे रांगेतली पोरे हसली. तो माणूस हसला नाही. त्याने एकदा वर पाहिले आणि म्हणाला, "सकाळी आवळलेत. पुन्हा संध्याकाळी आवळणार."