शहर मानांकनात, गाव सीमारेषेवर

नवी मुंबई, प्रतिनिधी

स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२२ आणि २०२३ अशी तीन वेळा देशात तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या आणि त्यानंतर ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये इंदूर व सुरतच्या पंक्तीत जाऊन बसलेल्या नवी मुंबईचे कौतुक होणे स्वाभाविक आहे. मात्र पर्यावरणविषयक कार्यक्रमांचा खरा कस मानांकनाच्या तक्त्यात लागत नाही. तो लागतो ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या तळवलीसारख्या गावात. पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी एमआयडीसीचे कारखाने, पश्चिमेला सिडकोने वसविलेला घणसोली नोड आणि त्यापलीकडे कांदळवनासह ठाण्याची खाडी, अशा चिंचोळ्या पट्ट्यात हे आगरी-कोळी वस्तीचे गाव उभे आहे. येथे हवा, पाणी, कचरा आणि झाडे या चारही गोष्टी प्रत्यक्षात एकमेकींत मिसळलेल्या आहेत. कागदोपत्री मात्र त्या वेगवेगळ्या कार्यालयांत वाटल्या गेल्या आहेत.

नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. त्याच वर्षी संसदेने मंजूर केलेल्या आणि १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत दिली. त्यात नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे संरक्षण हा आठवा विषय आहे. म्हणजे पर्यावरण हे महापालिकेचे काम आहे, याला घटनेचाच आधार आहे. परंतु कामासोबत अधिकार किती आले, हा प्रश्न तीन दशकांनंतरही कायम आहे.

सीमारेषांचे जाळे

तळवलीच्या पूर्वेकडील ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा १९६० च्या दशकात आकाराला आला. सिडकोची स्थापना १९७० ची आणि महापालिका त्यानंतर दोन दशकांनी आलेली. या क्रमानेच अधिकारांची वाटणी झाली आहे. औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण एमआयडीसी. कारखान्यांना संमतीपत्र देणे, त्यांच्या धुराचे व सांडपाण्याचे नमुने घेणे आणि उल्लंघन झाल्यास कारवाई करणे, हे १९७४ च्या जल अधिनियमान्वये आणि १९८१ च्या वायू अधिनियमान्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम. खाडीकाठची कांदळवने वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या देखरेखीखाली. नोडमधील मोकळ्या भूखंडांची मालकी प्रामुख्याने सिडकोची. घणसोली नोडच्या नागरी सुविधांचे हस्तांतरण तर इतर नोडच्या तुलनेत बऱ्याच उशिरा झाले.

महापालिकेच्या वाट्याला उरतो तो कचरा, मलनिस्सारण, उद्याने, पावसाळी गटारे आणि नागरिकांच्या तक्रारी. यातील शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. उग्र दर्प आला की तळवलीचा रहिवासी प्रदूषण मंडळाच्या नव्हे, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयाचा दूरध्वनी फिरवितो. त्याला मत मागायला येतो तो नगरसेवक आणि मालमत्ता कराचे देयक येते तेही महापालिकेचेच. तक्रार एका दारी आणि अधिकार दुसऱ्या दारी, हे येथील पर्यावरण व्यवस्थापनाचे मूळ दुखणे आहे.

या दुखण्याची तीव्रता २००९ मध्ये देशासमोर आली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक जाहीर केला, त्यात नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले. सत्तरच्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित क्षेत्र. त्या यादीत चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद व तारापूरसोबत नवी मुंबईचे नाव होते. पुढे २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला, त्यातही हवेच्या मानकांची पूर्तता न करणाऱ्या शहरांत नवी मुंबईचा समावेश झाला. एकीकडे स्वच्छतेत आघाडीवर आणि दुसरीकडे हवेच्या बाबतीत अनुत्तीर्ण, हा विरोधाभास वाटतो. प्रत्यक्षात तो अधिकारांच्या वाटणीचा सरळ परिणाम आहे. जे महापालिकेच्या हाती होते, त्यात शहराने प्रगती केली. जे अनेकांच्या हाती होते, ते मागे राहिले.

जेथे जमले

हाती असलेल्या कामांची यादी खरोखरच लक्षणीय आहे. महापालिकेने कोपरखैरणे येथील जुनी कचराभूमी बंद करून त्या जागी निसर्ग उद्यान उभारले. वाशी, नेरुळ, ऐरोली, कोपरखैरणे, घणसोली अशा ठिकाणी आधुनिक मलप्रक्रिया केंद्रे उभी राहिली. त्यांना २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाचे पाठबळ मिळाले. पुढे अमृत योजनेतून कोपरखैरणे व ऐरोली येथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेचे तृतीय स्तरावरील प्रक्रिया प्रकल्प उभारण्यात आले. त्यातील शुद्ध केलेले पाणी कारखान्यांना पुरवावे आणि तेवढे पिण्याचे पाणी वाचावे, ही कल्पना आहे.

ही योजना तांत्रिक यशापेक्षा प्रशासकीय दृष्टीने अधिक बोलकी आहे. पाणी महापालिकेचे, ग्राहक एमआयडीसीतील उद्योग. त्यामुळे दोन यंत्रणांना एका टेबलावर बसून दर, प्रमाण आणि वाहिन्या ठरवाव्या लागल्या. सुरत महापालिकेने २०१४ मध्ये पांडेसरा औद्योगिक वसाहतीसाठी आणि नागपूर महापालिकेने कोराडीच्या वीज केंद्रासाठी हाच मार्ग चोखाळला. देवाणघेवाणीत दोन्ही पक्षांचा फायदा असला की सीमारेषा आड येत नाहीत, हा या तिन्ही शहरांचा अनुभव आहे. अडचण येते ती फायदा कुणाचाच नसलेल्या आणि केवळ जबाबदारीच असलेल्या कामांत.

नाल्याचा प्रवास

पावसाळी नाला हे त्याचे उत्तम उदाहरण. पारसिकच्या डोंगरावर पडलेले पाणी औद्योगिक क्षेत्रातून वाहत येते, ठाणे-बेलापूर रस्ता व रेल्वेमार्ग ओलांडते, गाव व नोडमधून जाते आणि शेवटी खाडीला मिळते. काही किलोमीटरच्या या प्रवासात त्याचे पालक वारंवार बदलतात. एमआयडीसीतील रस्ते व गटारांची जबाबदारी कुणाची, यावरून तर वर्षानुवर्षे वाद झडत आले आहेत. वरच्या टप्प्यात रात्रीच्या वेळी कुणी रासायनिक सांडपाणी वा राडारोडा टाकला, तर त्याचा फेस आणि गाळ खालच्या टप्प्यात दिसतो. गाळ महापालिकेने काढायचा. नमुना प्रदूषण मंडळाने घ्यायचा. तो घेईपर्यंत ओहोटीबरोबर पुरावा खाडीत गेलेला असतो.

खाडीच्या तोंडाशी गुंता आणखी वाढतो. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा सखल असल्याने सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी झडपा बंद होतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला ते खाडीत सोडले जाते. या तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचला व त्यावर कांदळवन उगवले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनाच्या तोडीस मनाई केली, ती सर्वार्थाने योग्यच होती. परंतु आता गाळ काढायचा तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, वन विभाग आणि न्यायालय अशी परवानग्यांची शिडी चढावी लागते. एका बाजूला पूर, दुसऱ्या बाजूला कांदळवन, आणि दोन्ही प्रश्न पर्यावरणाचेच. अशा वेळी केवळ चांगला हेतू पुरत नाही. पावसाळ्याच्या कितीतरी आधी परवानग्यांचे वेळापत्रक आखणारा अधिकारी लागतो.

या सगळ्याचा हिशेब अखेर खाडीत होतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. रोहित पक्ष्यांची छायाचित्रे शहराच्या जाहिरातींवर झळकू लागली. ज्या कोळी-आगरी कुटुंबांची उपजीविका याच खाडीतील मासळीवर चालत होती, त्यांच्या घटलेल्या उत्पन्नाची नोंद मात्र कोणत्याही पर्यावरण कार्यक्रमाच्या रकान्यात होत नाही. शहरासाठी जमिनी देणाऱ्या गावांच्या दृष्टीने ही उपेक्षा अधिक बोचरी आहे.

अहवाल कुणापुढे?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागील वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवणे बंधनकारक आहे. कायद्यामागील कल्पना साधी आहे. प्रशासनाने मोजमाप मांडावे आणि लोकप्रतिनिधींनी त्यावर प्रश्न विचारावेत. परंतु मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहरात प्रशासकीय राजवट राहिली. आयुक्त आणि प्रशासक ही एकच व्यक्ती. अहवाल मांडणाराही तोच आणि स्वीकारणाराही तोच. या काळात मानांकने मिळत राहिली, पण सभागृहात उठून ‘आमच्या प्रभागातील हवेचे काय’ असे विचारणारे कुणी नव्हते.

सभागृह असतानाही या अहवालांवरील चर्चा क्वचितच खोलवर गेली, हेही मान्य करावे लागेल. त्याचे एक कारण अहवालाच्या स्वरूपातच आहे. शहराची सरासरी सांगणारा आकडा कुणालाच जबाबदार धरत नाही. नेरुळच्या उद्यानालगतची हवा आणि औद्योगिक पट्ट्यालगतच्या गावाची हवा यांची बेरीज करून भागाकार केला, तर उत्तर सुसह्य येते. त्या उत्तरात तळवली नाहीशी होते.

उपाय घराजवळचे

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट म्हणजे महापालिकेच्या आठही विभाग कार्यालयांनिहाय स्वतंत्र पर्यावरण अहवाल प्रसिद्ध व्हावा आणि त्यात गावठाणांचा रकाना वेगळा असावा. दुसरी, डोंगरापासून खाडीपर्यंतच्या प्रत्येक नाल्याचा एकच नकाशा महापालिका, एमआयडीसी, सिडको आणि प्रदूषण मंडळाने मिळून तयार करावा. कोणत्या टप्प्याचा पालक कोण, हे त्यावर नावानिशी नव्हे तरी हुद्द्यानिशी लिहिलेले असावे. तिसरी, नमुना घेण्याचे काम तक्रारीनंतर काही तासांत व्हावे, यासाठी रात्रपाळीचे संयुक्त पथक असावे. चौथी, घनकचरा नियमांनी २०१६ मध्ये बंधनकारक केलेले वर्गीकरण सोसायट्यांप्रमाणेच अरुंद गल्ल्यांच्या गावठाणातही पोहोचावे. जेथे मोठी कॉम्पॅक्टर गाडी वळत नाही, तेथे लहान वाहन ठरलेल्या वेळी गेलेच पाहिजे.

यातील एकही सूचना खर्चिक नाही. अडसर आहे तो पैशाचा नसून श्रेय आणि जबाबदारी यांच्या विषम वाटपाचा. पुरस्काराचे श्रेय सर्वांना हवे असते, नाल्याची मालकी मात्र कुणालाच नको असते. सर्वेक्षणाचे पथक वर्षातून एकदा येते आणि गुण देऊन जाते. तळवलीच्या रहिवाशांना त्याच हवेत आणि त्याच नाल्याकाठी वर्षाचे ३६५ दिवस काढायचे असतात. महापालिकेचे पर्यावरण व्यवस्थापन परिपक्व झाले असे तेव्हाच म्हणता येईल, जेव्हा तेथील तक्रारदाराला ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मिळणे बंद होईल.